अकराचे सतरा

शनवारा, बऱ्हाणपूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तृप्ती,

आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग खोडलं. माझे आशीर्वाद नकोत असं तू सहा वर्षांपूर्वी याच घराच्या पायरीवर उभी राहून सांगून गेलीस, तेव्हा ते फुकट कशाला घालवा. फोन तू उचलत नाहीस. पत्र मात्र माणूस फाडण्याआधी निदान एकदा वाचतो, म्हणून लिहितोय.

तुझा सिनेमा पाहिला. 'सत्ताईस नंबर'चे आधीचे चारही भाग मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला पाहिले, मग हा कसा चुकवीन? तू लिहिलायस हे पेपरात वाचलं होतं. तरी पडद्यावर तुझं नाव आलं तेव्हा, खरं सांगतो, टाळीसाठी माझे हात वर गेले होते. सिनेमा सुरू झाला आणि ते मी मांडीखाली घेऊन बसलो.

किळस आली मला. याला दुसरा शब्द नाही. सत्ताईस नंबर काय चीज होती, विसरलीस? पांढराशुभ्र कोट. चिखलातून पळाला तरी डाग नाही. शत्रूच्या अड्ड्यात शिरायचा, नकाशा घ्यायचा आणि जाताजाता शत्रूच्या म्हाताऱ्या आईला वाकून नमस्कार करायचा. निःशस्त्र माणसावर गोळी नाही, बाईवर हात नाही, तोंडात शिवी नाही. आणि हा तुझा नवा? दाढी वाढलेली, बनियन मळलेलं, पहिल्या दहा मिनिटांत एका माणसाची नखं पकडीने उपटतो आणि ती पक्कड आपण वीतभर अंतरावरून बघायची. मग बेसिनमध्ये ओकतो. तेही बघायचं. शिव्या अशा की माझ्या शेजारी बसलेले आमच्या कापसाच्या जिनिंगचे जुने मॅनेजर उठून संडासला गेले आणि मध्यंतरापर्यंत परतलेच नाहीत. गटारात कॅमेरा सोडला की त्याला तुम्ही लोक 'खरं' म्हणता का? मग आमच्या नाल्यावर या, तिथे रोज खरं वाहतं.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. जमाना बदलला, असं म्हणून चहा घेतला असता. पण मध्यंतरानंतर तू त्याला घरी आणलंस. जगभर हेरगिरी करून पोट भरलं नाही म्हणून हा इसम घरी येऊन बायकोवर पाळत ठेवतो! तिच्या चपलेला कुठली माती लागली ते बघतो. तिला आलेली पाकिटं उजेडात धरतो. नऊ वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन विचारतो, "मम्मी आज किधर गई थी?" आणि पोरीने सांगितलं की तिला जिलेबी देतो. ती मावा जिलेबी होती, तृप्ती. काळी, जाड, आपल्या इथली. दिल्लीत राहणाऱ्या हेराला ती कुठून मिळाली, हे तुला मुंबईत कोणीच विचारलं नाही?

आणि तो तारखेचा प्रकार. बायकोला शाळेतून मुलाखतीचं पत्र येतं. ती ते पिठाच्या डब्यात लपवते. पोरगी बापाला सांगते. बाप पोरीचंच पेन घेऊन इंग्रजी आकड्यांतल्या 11 तारखेच्या दुसऱ्या एकावर रेघ ओढतो आणि अकराचे सतरा करून पत्र पुन्हा डब्यात ठेवतो. कोणता नवरा असं करेल? सत्ताईस नंबर करेल? ज्याने देशासाठी जीव धोक्यात घातला तो माणूस पिठाच्या डब्यात हात घालेल?

असो. मुद्द्याचं लिहितो. शुक्रवारी संध्याकाळच्या खेळाला तुझी आई गेली होती, शेजारच्या कवितामॅडमबरोबर. मी जाऊ नको म्हणालो होतो. लेकीचा सिनेमा आहे, म्हणाली, आणि गेली. परत आली, जेवण वाढलं. शनिवारी सकाळी बसने जसोंडीला गेली, निंबामामाकडे. केळीची कापणी आहे म्हणाली. निंबाची केळी गेल्या महिन्यातच ट्रकमध्ये चढली, हे मला ठाऊक नाही का? जाताना कपाटातली तिच्या सर्टिफिकिटांची फाइल घेऊन गेली. केळी कापायला सर्टिफिकिटं लागतात, हे नवीनच कळलं.

तू तिला एक फोन कर. एवढंच सांग की हे सगळं रचलेलं आहे, लेखक लोक रचतातच. एका वाक्याचं काम आहे. तुझं ती ऐकेल. बाकी तुझं माझं काय ते राहू दे.

तुझे आप्पा

*

शनवारा
बुधवार, १९ नोव्हेंबर

तृप्ती,

तू फोन केला नाहीस. निंबाला विचारलं. तो म्हणाला, "रजनीचा फोन त बंदच हाये, भाऊजी. उघडतच नाही ती." मग केला असशील आणि लागला नसेल, असं मी धरून चालतो. माणसाने काहीतरी धरून चालावं.

इथली हालत ऐक. लोटूच्या हॉटेलच्या भिंतीवरचा माझा फळा अजून चालू आहे. यंदा एकेचाळीस वर्षं झाली. तुला त्याची लाज वाटायची, कॉलेजच्या मैत्रिणींना तू तो दाखवत नसायचीस, पण अजूनही बऱ्हाणपुरात सिनेमा बघायचा की नाही हे अर्धं गाव माझा फळा वाचून ठरवतं. पद्धत तीच. पहिला खेळ सुटला की मी वही घेऊन दारात उभा. जो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, नावासकट, चार वाजेपर्यंत खडूने फळ्यावर. मराठीत बोलला तर मराठी, हिंदीत बोलला तर हिंदी. माझा शब्द एकही नाही. वरची ऑइल पेंटची ओळ मीच रंगवलेली आहे: 'पाहणाऱ्याने बोलावे, लिहिणाऱ्याने गप्प बसावे.' एकेचाळीस वर्षं गप्प बसलोय. या शुक्रवारी पहिल्यांदा हात शिवशिवले.

मला वाटलं होतं लोक थुंकतील. मोबाइलच्या दुकानातला मोहित काय म्हणाला? "अंकल, पहली बार लगा कि जासूस असल में ऐसा ही होता होगा. पुराना वाला तो ऐसा लगता था जैसे शादी में आया हुआ फूफा." फूफा! लग्नात मिरवणारा आत्याचा नवरा! माझ्याच हाताने मला फळ्यावर फूफा लिहावं लागलं. केळीच्या मंडीतला गौरव म्हणाला, "मारधाड एक नंबर. पर घर का झगड़ा देखने टिकट काहे को लें, वो तो घर में फोकट दिखता है." हा एकच काय तो माझ्या बाजूचा निघाला, तोही अर्धा.

बायकांचं सांगतो. नखं उपटली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि बायका पदराआडून निवांत शेंगदाणे खात होत्या. शपथेवर सांगतो, खात होत्या. आणि तो हेर पेनाचं टोपण काढून त्या आकड्यावर रेघ ओढायला लागला तेव्हा सगळ्या थिएटरातून आवाज आला, 'शी!' एकीचा नव्हे. पुढून, मागून, बाल्कनीतून. रक्ताला नाही, ओकारीला नाही, एवढ्याशा रेघेला शी. मी नंतर रविवारी पुन्हा गेलो, सोमवारी पुन्हा गेलो. प्रत्येक खेळाला त्याच जागी, शी. मी का गेलो म्हणून विचारू नकोस.

धुरपदाबाई भाजीवाली तुला आठवत असेल. सत्तरी ओलांडली, पण जीभ तश्शीच. तिची प्रतिक्रिया घ्यायला गेलो तर म्हणाली, "लिही नंदूभाऊ. मी त डोये झाकून बसली व्हती. पन त्यानं बायकोच्या चपला पाह्यल्या नं, तव्हा उघडले. आमचा बुढा बी पाहे. कुठली माती लागली म्हनून. मरून वीस वरीस झाले त्याले, अजून मी चपला पुसूनच घरात येतो." हे सगळं मी लिहिलं. लिहिताना तिने मला विचारलं, "तू कायले एवढा घामाजला रे?" नोव्हेंबर महिना आहे. मी म्हटलं, खडूची धूळ.

कवितामॅडमनी तर प्रतिक्रियाच दिली नाही. "रजनीताईंची आली की माझी देईन," एवढं बोलून वहीकडे न बघता निघून गेल्या. चौकात लोक ऐकत होते. तेव्हापासून लोटू रोज चहा देताना विचारतो, "भाऊ, वहिनीले कसा वाटला पिच्चर?" उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणतो, तिला मारधाड आवडत नाही.

म्हणून पुन्हा लिहितो. प्रकरण वाढण्याआधी तो फोन कर. आई इथे नाही तर घर काय घर आहे? परवा मी दुधाच्या पातेल्यात पाणी ओतून ते चुलीवर विसरलो. भाजीला मीठ किती घालतात हे मला या वयात कळत नाही. तुला हसू येईल. येऊ दे.

आप्पा

*

शनवारा
रविवार, २३ नोव्हेंबर

तृप्ती,

तुझा मेसेज मिळाला. 'रचलेलं नाही. तुम्ही सांगा.' चार शब्द. सिनेमात पानंच्या पानं संवाद लिहितेस आणि बापाला चार शब्द.

सहा वर्षांपूर्वीही तू हेच म्हणाली होतीस, पायरीवर. 'आईला तुम्ही सांगा.' आणि मी म्हणालो होतो, नऊ वर्षांच्या पोरीला काय आठवतंय, कोण विश्वास ठेवेल. मला वाटलं झाकली मूठ झाकलीच राहील. तू ती सगळ्या देशासमोर उघडलीस, आणि उघडलीस तीही आपल्या बऱ्हाणपूरच्या जिलेबीसकट.

काल निंबा आला. मंडीत काम होतं त्याचं. सायकल स्टँडवर लावून सरळ फळ्यापाशी आला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "रजनीनं देल्हा. म्हने फळ्यावर लिहा म्हना भाऊजीले. पाह्यनाऱ्यानं बोलावं अशी तुमची रीत हाये, म्हने." लोटू होता, गौरव होता, आणखी सात-आठ जण होते. मी कागद तिथेच उघडला. न उघडून सांगतो कुणाला.

जसंच्या तसं उतरवतो:

'सिनेमा आवडला. हेराचं काम करणारा नट चांगला आहे. आकडा बदलण्याचा प्रसंग मात्र कच्चा वाटला. सिनेमातल्या नवऱ्याचा हात थरथरतो. आमच्याकडे थरथरला नव्हता. रेघ इतकी सफाईदार होती की चोवीस वर्षं मी शाळेच्या कारकुनालाच बोल लावत राहिले. — रजनी महाजन, बी.ए., बी.एड., जसोंडी.'

'सौ.' लावलेलं नाही.

लोटू म्हणाला, "काय लिव्हलं, भाऊ?" मी म्हटलं, आवडला म्हणते. मग म्हटलं खडू संपलाय, उद्या लिहितो. डब्यात खडूची आख्खी पेटी होती आणि झाकण उघडं होतं. सगळ्यांनी ती पाहिली, मीही पाहिली. निंबा सायकलवर बसताना एवढंच म्हणाला, "लिहून टाका भाऊजी. तिले घाई नाही, पन ती इसरनार नाही."

एकेचाळीस वर्षांत फळ्यावर न चढलेली ही पहिली प्रतिक्रिया. फळ्यावर आलेल्या एका सिनेमात नगराध्यक्षाच्या भाच्याने काम केलं होतं. लोकांनी त्याला शिव्या घातल्या, त्याही मी लिहिल्या. धमक्या आल्या, पुसलं नाही. फार नाकाने कांदे सोलत होतो मी त्या फळ्यावर.

आता ऐक. तू लहान होतीस, तुला अर्धंच माहीत आहे.

तिचं बी.एड. लग्नाआधीचं. मी जिनिंगमधला बाबू, बारावी पास. लग्नानंतर नऊ-दहा वर्षं त्याचं काही नव्हतं. मग नेपानगरच्या एका शाळेचा अर्ज तिने मला न सांगता भरला. तिने न सांगता भरला, म्हणून मी पिसाळलो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ती सांगून भरणार होती कुणाला? मी कधी हो म्हटलं असतं? रोज सकाळच्या गाडीने ती नेपानगरला जाणार, मास्तरांबरोबर डब्यात बसणार, हसणार. चौकात लोक म्हणणार, नंदू बाबू आणि बायको मास्तरीण. घरी सगळे विषय तिला माझ्यापेक्षा जास्त येणार. येतच होते म्हणा. पण ते घरात होतं, गावात नव्हतं. या भीतीला मी शिस्त म्हणत होतो. तिच्या चपला बघायचो त्यालाही शिस्तच म्हणत होतो.

अकरा जुलै. त्या दिवशी तिची मुलाखत होती आणि मी तिला 'सत्ताईस नंबर'च्या तिसऱ्या भागाला घेऊन गेलो. बाराचा खेळ. मोगऱ्याचा गजरा घेऊन दिला. ती खुश होती. तिच्या हिशेबाने मुलाखतीला सहा दिवस होते. पडद्यावर सत्ताईस नंबर शत्रूच्या आईला नमस्कार करत होता आणि ती मला हळूच म्हणाली, "किती सज्जन आहे नाही?" मी म्हटलं, हो.

सतराला ती ठेवणीतली साडी नेसून नेपानगरला गेली. मला मैत्रिणीकडे जाते म्हणाली. तिथे शाळेच्या ऑफिसातल्या एका माणसाने कागद खिडकीपाशी उजेडात धरला आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "मैडम, तारीख में छेड़छाड़ है. टीचर बनने आई हो और पहले ही दिन जालसाज़ी?" घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिने सगळं मला सांगितलं, अर्ज भरल्यापासूनचं. आधी घाईत अकरा वाचल्यासारखं वाटलं होतं, पण पुन्हा पाहिलं तेव्हा सतरा होतं, म्हणून आपलीच नजर चुकली असं धरलं, हेही. चुकले म्हणाली. न सांगता भरला म्हणून देवाने शिक्षा केली म्हणाली. आणि मी काय केलं माहीत आहे? तिची समजूत घातली. पाठीवर हात फिरवला. कारकून गाढव असेल म्हणालो. चहा करून दिला. आयुष्यात तिला मी चहा करून दिला तो त्याच दिवशी.

परत तिने कधी अर्ज केला नाही. जालसाज़ीचा डाग घेऊन कुठे जाणार, म्हणायची.

नखं उपटणाऱ्याची मला किळस आली असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. ते पान परत मागवता आलं तर बरं होईल. तो निदान शत्रूची उपटत होता.

तू सिनेमात त्या माणसाचा हात थरथरवलास. मी तीनदा पाहिला, तिन्ही वेळा तिथेच बघत होतो. तेवढी दया तू मला दाखवलीस, हे तुझ्या आईच्या लक्षात आलं आणि तिने ती काढून घेतली. तिचं बरोबर आहे.

फळ्यावर मी अजून लिहिलेलं नाही. हे पत्र लिहिणं सोपं पडलं. बंद पाकिटात कोणीही शूर होतो.

आप्पा

*

शनवारा
शनिवार, २९ नोव्हेंबर

तृप्ती,

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतोय. का ते शेवटी कळेल.

सोमवारी सकाळी साडेदहाला फळा पुसला. मोहितचा फूफा, गौरवचं फोकट, धुरपदाबाईची माती, सगळं पुसलं, आणि वरपासून खालपर्यंत तुझ्या आईची प्रतिक्रिया लिहिली. नावासकट, बी.एड.सकट. 'आमच्याकडे' या शब्दापाशी खडू तुटला. दुसरा घेतला. लिहून झाल्यावर मी तिथेच बाकावर बसून राहिलो. पळालो नाही, एवढंच माझ्या बाजूने.

लोक वाचत होते आणि मग माझ्याकडे बघत होते. लोटूने चहाचा ग्लास ठेवला आणि फळ्याकडे पाठ करून किटलीपाशी गेला. मोहितने फोटो काढायला मोबाइल वर केला आणि मग खाली घेतला. कवितामॅडम शाळेत जाताजाता थांबल्या, दोनदा वाचलं, पर्समधून पेन काढलं आणि माझ्या वहीत स्वतः लिहिलं: 'रजनीताई म्हणतात तेच.' धुरपदाबाईला वाचता येत नाही. तिने गौरवकडून वाचून घेतलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, नीट न्याहाळलं आणि बाजूला थुंकली. म्हणाली, "आन आम्ही तुह्याजवय येऊन आमचं मन मोकयं करत व्हतो!" भाजीची टोपली उचलून ती पलीकडच्या कोपऱ्यावर जाऊन बसली. आता ती तिथेच बसते.

तिची ही प्रतिक्रियाही फळ्याच्या कडेला माझ्या हाताने लिहून ठेवली आहे.

बुधवारी जसोंडीला गेलो. न कळवता. तुझी आई अंगणात निंबाच्या सुनेला कसला तरी फॉर्म भरून देत होती. मला बघून उठली नाही. "बसा," म्हणाली. पाहुण्याला देतात तसा चहा दिला, बशीत दोन बिस्किटं. मी घरी चल म्हणालो नाही. म्हणायला गेलो होतो, पण ती बिस्किटं बघून तोंड उघडेना. माफी मागितली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, "ही माफी तुम्ही फळ्यापुढच्या लोकांना घाबरून मागताय की खरंच माझी मागताय, ते मला कळत नाही. कळेल तेव्हा बघू." चोवीस वर्षांत मला कोणी इतकं नेमकं ओळखलं नव्हतं. ती ओळखत असेल, बोलली नव्हती.

नंतर तो फॉर्म बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला. रडली ती तेव्हा, स्वतःसाठी नाही. म्हणाली, "सिनेमात ती पोरगी सांगते. डब्यात चिठ्ठी आहे म्हणून. खरंच तृप्तीनं सांगितलं होतं का हो? एवढीशी पोर, चोवीस वर्षं हे पोटात घेऊन फिरली का? म्हणून ती मला मिठी मारत नसे का, मोठी झाल्यावर?"

मी तिला उत्तर दिलं. ते उत्तर मी कोणालाही दिलं नव्हतं. तुलाही नाही, पायरीवर तू रडत होतीस तेव्हाही नाही. त्या दिवशी तू म्हणाली होतीस, 'आईचं आयुष्य मी एका जिलेबीला विकलं,' आणि मी ऐकून घेतलं. मला ते सोयीचं होतं. अर्धा गुन्हा तुझ्या डोक्यावर असला की माझ्या डोक्यावर अर्धाच राहत होता. सगळ्यात घाणेरडं काम मी हे केलं. ती रेघ याच्यापुढे काही नाही.

तुझी आई आता मुंबईला तुझ्याकडे येते आहे. मंगळवारची गाडी, निंबाने तिकीट काढलंय. किती दिवस, विचारलं नाही. ती तुला सांगेलच. पण हे तिच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्या हातचं तुझ्याकडे असावं, म्हणून ही घाई.

आपल्या गल्लीचा पोस्टमन तेव्हा घरोघर जात नसे. मी फळ्यापाशी असतो हे त्याला माहीत होतं, आपलं टपाल तो मलाच द्यायचा. नेपानगरच्या शाळेचं पाकीट त्याने माझ्या हातात दिलं. सोमवार होता. लोटूच्या वडिलांच्या किटलीच्या वाफेवर मी ते उघडलं, वाचलं, डिंक लावून पुन्हा चिकटवलं आणि मंगळवारी दुपारी स्वतः घराच्या दारातून आत सरकवलं. ती ते कुठे ठेवते हे बुधवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. पिठाच्या डब्याचं झाकण लावताना पाहिलं. गुरुवारी तुला मांडीवर घेतलं आणि विचारलं, आईला काही आलं का गं?

तू लगेच बोलली नव्हतीस. तू सिनेमात ती पोरगी पटकन बोलते असं दाखवलंयस, ते चूक आहे. तू दारात जाऊन आई कुठे आहे ते बघून आलीस. माझ्या शर्टाचं बटण फिरवत बसलीस. मी जिलेबीचा पुडा उघडला तरी बोलली नाहीस. मग मी म्हणालो की आप्पांशी खोटं बोललं तर आप्पा घर सोडून जातील. तेव्हा तू बोललीस.

मला पत्र हवं नव्हतं, ते मी केव्हाच वाचलं होतं. तू माझी आहेस की तिची, एवढंच मला बघायचं होतं. तू नाही म्हणाली असतीस तरी शुक्रवारी ती रेघ मी ओढणारच होतो. पेन तुझं घेतलं तेही मुद्दाम.

सिनेमाच्या शेवटी ती मुलगी आईच्या पायाशी बसते आणि म्हणते, "मैंने बताया था, मम्मी." ते वाक्य खोटं आहे, तृप्ती. तू काहीच सांगितलं नव्हतंस. मला आधीच माहीत होतं.

आप्पा